दे इकडे

पंपांच्या कारखान्यात सगळे काकांना मिलिमीटर म्हणायचे, आणि हे नाव कौतुकाने पडलंय असा त्यांचा समज होता. काम फिटरचं. दुसऱ्याने पास केलेला तुकडा ते उजेडात धरून बघत, नाकातल्या नाकात हुंकार देत आणि कानस उचलून पुन्हा घासायला घेत. शेजारच्याचा पाना चुकीच्या खुंटीला टांगलेला दिसला, तर त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. काम मात्र चोख. त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती त्यांच्या शेजारी उभं राहून काम करण्याबद्दल.

घरीही हाच माणूस. बायकोने खिळा ठोकायला घेतला, की "दे इकडे." शिलाई मशीनचा पट्टा सुटला, "दे इकडे." घट्ट बसलेलं बरणीचं झाकण, कपाटाची बिजागरी, रेडिओचे सेल बदलणं, सगळ्यालाच "दे इकडे, तुला नाही जमायचं." त्यांची मुलगी बोलायला लागली तेव्हा "आई"नंतरचा तिचा दुसरा शब्द "दिकले" हा होता, आणि हा किस्सा घरात पाहुण्यांना हसत हसत सांगितला जाई. सगळ्यांत मोठ्याने हसायचे ते काकाच. बायकोही हसायची. हसता हसता तिने पकड हातात घेणं कधी सोडून दिलं, ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

मुलगी लग्न होऊन गेली, काका निवृत्त झाले. घरातलं सगळं घट्ट करून झालं, तेल घालून झालं, आणि मग त्यांचे हात शिवशिवायला लागले. बायकोने फोडणी करताना कालथा कसा धरावा यावरही ते बोलू लागले, तेव्हा तिने एक दिवस त्यांच्या हातात पिशवी दिली आणि चौकातल्या खटपटघरात जाऊन या म्हणून सांगितलं. तिथे म्हणे माणसं हवी आहेत.

खटपटघर म्हणजे एका बंद पडलेल्या छापखान्याची जागा. यंत्रं केव्हाच विकली गेली होती, पण फरशीवर त्यांच्या पायांचे चौकोन अजून दिसत आणि भिंतींना शाईचा वास होता. शाळेत विज्ञान शिकवून थकलेल्या एका बाईंनी ती जागा मागून घेतली, लांब टेबलं टाकली, लोकांकडून जुनी हत्यारं गोळा केली आणि दार सगळ्यांना उघडं ठेवलं. कोणीही यावं, हवं ते करून बघावं. कोणी दिवा करी, कोणी पुठ्ठ्याची होडी, कोणी लाकडाचा ठसा कोरून त्याची चित्रं छापी. वयाची अट नव्हती. येत असलंच पाहिजे अशी तर मुळीच नव्हती.

नियम एकच होता. जो शिकवायला उभा राहील त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधायचे. तोंडाने काय ते सांगायचं, विचारायचं, पण दुसऱ्याच्या टेबलावरच्या वस्तूला बोट लावायचं नाही. बाईंनी काकांना हे पहिल्याच दिवशी सांगितलं. काकांनी मान डोलावली आणि मनात म्हटलं, हे काय, मग मी इथे करायचं काय?

पण राहिले. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं की नियम अगदी अंगवळणी पडला. हात मागे बांधून ते टेबलांमधून फिरत, आणि कोणी करवत तिरकी धरली की पाठीमागे त्यांचीच बोटं एकमेकांना चिमटे काढत. आत जीव वरखाली होई. माणूस भरवशाचा म्हणून बाईंनी संध्याकाळी कुलूप लावायचं काम त्यांच्याकडे दिलं, आणि तिथेच घात झाला.

सुरुवात शिंप्याच्या दिव्यापासून झाली. शिंप्याने कापडाच्या चिंध्यांची सुंदर छत्री केली होती, पण तारेला दिलेला कथलाचा डाग कच्चा होता. हलवलं की दिवा विझे. तो तसाच टेबलावर ठेवून, उद्या बघू म्हणत घरी गेला. सगळे गेल्यावर काका खिडक्या लावत होते. दिव्याजवळून एकदा गेले, दोनदा गेले. मग डागणी गरम करायला ठेवली. काम चुटकीसरशी झालं. दुसऱ्या दिवशी शिंपी दिवा लावतोय, विझवतोय, पुन्हा लावतोय, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून दाखवतोय. काकांना बरं वाटलं. चूकही सुधारली आणि माणूसही खूश, यात कोणाचं काय बिघडलं?

मग सवयच लागली. संध्याकाळी सगळे गेले, की काका टेबलांवरून फेरी मारत. कोणाचा सांधा घट्ट कर, कोणाची कडा घास. एका निवृत्त नर्सने छापण्यासाठी लाकडाच्या ठशात पक्षी कोरला होता. त्याचा एक पंख दुसऱ्यापेक्षा जाड होता. काकांनी पटाशी घेऊन तो जोडीच्या पंखाइतका बारीक केला, भुसा फुंकून टाकला. खटपटघरात सगळ्यांच्याच वस्तू हल्ली नीट चालायला लागल्यात असं बाई कौतुकाने म्हणत, आणि काका छताकडे बघत.

त्यांची बायको तिथे पहिल्यांदा आली ती त्यांचा विसरलेला चष्मा द्यायला. बाईंनी तिला बसवून घेतलं. ती म्हणाली, एक दाराची घंटा सोडली तर मला यातलं काही येत नाही, आमच्याकडे हे सगळं हेच करतात. बाई म्हणाल्या, मग बरंच आहे, तुम्ही त्यांच्यापासून लांबच्या टेबलावर बसा. आणि तिच्यासमोर तांब्याची बारीक तार, एक सेल, दोन सेफ्टी पिना आणि चपटं लोहचुंबक ठेवलं. तारेचं वेटोळं करायचं, त्याची दोन टोकं पिनांच्या भोकांतून काढायची, पिना सेलच्या दोन तोंडांना टेकवायच्या, खाली चुंबक. वेटोळं गरगर फिरतं, की झाली मोटार. नाही फिरलं तर का नाही ते शोधायचं, आणि ते बाई सांगणार नव्हत्या.

बायकोने दोऱ्याच्या रिळावर तार गुंडाळून वेटोळं केलं. काका जवळ येताना दिसले, की ती टेबलावर हाताचा आडोसा करी. सगळं मनासारखं लावलं तरी वेटोळं ढिम्म. त्याचं कारण काकांना खोलीच्या दुसऱ्या टोकावरून कळत होतं. ती तार दिसते तांब्याची, पण तिच्यावर पातळ पारदर्शक वार्निश असतं. दोन्ही टोकांवरून ते खरवडल्याशिवाय वीज आत शिरतच नाही. तेही एका टोकाचं सगळं आणि दुसऱ्या टोकाचं फक्त अर्ध्या अंगाचं खरवडायचं, तरच वेटोळं फिरत राहतं. तिने खूप वेळ ते उलटंपालटं केलं. मग वर रुमाल झाकला आणि म्हणाली, उद्या शोधते, अजून काही झालं नाही. तिच्या आवाजात चक्क मजा होती.

तिला नुसतं शोधू दिलं असतं तरी पुरे होतं. पण त्या संध्याकाळी काकांनी रुमाल उचलला आणि पात्याने तारेची टोकं खरवडली. एक पूर्ण, एक अर्धं, मधली रेघ अगदी सरळ. पुन्हा रुमाल झाकला. आपण बायकोसाठी काही तरी गोड केलं, असंच त्यांना घरी जाताना वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी तिने पिना जरा सरळ केल्या, वेटोळ्याला बोटाने टिचकी मारली आणि ते फिरायला लागलं. ती ओरडली नाही. तोंडावर हात ठेवून बघत बसली. बाईंनी विचारलं, काय केलंत? ती म्हणाली, पिना वाकड्या होत्या, त्या सरळ केल्या. बाई काही विचारणार होत्या, तेवढ्यात कोणीतरी त्यांना हाक मारली.

त्यानंतर तिच्यात जो फरक पडला तो काका घरबसल्या बघत होते. ती ताठ चालायला लागली. फोनवर मुलीला "अगं, वीज म्हणजे काही नाही" असं सुरू करून बरंच काही सांगायला लागली. पाने-पकडींचा डबा तिने माळ्यावरून खाली काढून ठेवला. शेवटी तिने बाईंना सांगितलं की, गल्लीतल्या बायकांना ही मोटार मी शिकवीन. त्यांच्यातली कोणी कधी खटपटघराची पायरी चढली नव्हती, पण तिच्या शब्दाखातर येणार होत्या. दुसरी मोटार करून बघायची तिला गरज वाटली नाही. केलेली तर डोळ्यांसमोर फिरत होती.

काकांनी आता सांगायला हवं होतं. "टोकं खरवडायची असतात बरं का," एवढंच. पण मग ती विचारणार, माझी कशी काय फिरली? आधीच गुपचूप खरवडून ठेवावं म्हटलं, तर वेटोळी बायका तिथेच गुंडाळणार होत्या. काहीतरी होईल, बाई असतील, बाई सांभाळून घेतील, असं म्हणत त्यांनी दिवस ढकलले. आणि नेमक्या त्या दिवशी बाई जुनी हत्यारं आणायला दुसऱ्या गावी गेल्या.

बायका आल्या. भाजीवाली होती, दवाखान्यात झाडलोट करणारी होती, शेजारच्या दोघी जावा होत्या. आधी सगळ्या पदरात हसत होत्या, मग गुंतल्या. काकांच्या बायकोने हात पाठीमागे बांधून शिकवलं, आणि अगदी छान शिकवलं. वेटोळी झाली, पिना लागल्या, टिचक्या मारल्या गेल्या. एकही फिरेना. पिना सरळ करा, ती म्हणाली. सगळ्यांनी केल्या. चुंबक उलटं करा. केलं. हळूहळू खोलीतलं बोलणं थांबलं आणि सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या. तिने मान वळवून दाराशी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं.

तोंड उघडायची हीच वेळ होती. काकांनी उघडलंही.

"सेल उतरलेले असतील," ते म्हणाले.

तिने विश्वास ठेवला. कपाटातून नवे सेल काढून प्रत्येकीला दिले. वेटोळी तशीच पडून राहिली. झाडलोट करणारी शेवटपर्यंत टिचक्या मारत होती. तिच्याकडे जाऊन काकांच्या बायकोने हात पुढे केला आणि म्हणाली, "द्या इकडे." तिने ते वेटोळं घेतलं, उलटंसुलटं केलं, आणि मग आपण काय बोललो ते कळून ते परत तिच्या हातात ठेवलं. त्या बाईने ते टेबलावर ठेवून पिशवी उचलली. आपल्यासारख्यांना हे नाही जमायचं, असं म्हणत त्या गेल्या. कोणी रागावलं नाही, हेच वाईट होतं. काका दाराजवळ उभे होते, आणि जाणारी प्रत्येक जण त्यांच्याकडे अदबीने वाट मागून बाहेर पडत होती. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी ती जेवली नाही. दुपारच्या उजेडात खिडकीशी बसून तिने आपली मोटार आणि भाजीवालीने टाकून दिलेलं वेटोळं शेजारी शेजारी ठेवलं. काका वर्तमानपत्र तोंडापुढे धरून बसले होते. पान उलटायचं त्यांना सुचत नव्हतं.

"ही टोकं तुम्ही खरवडलीत," ती म्हणाली.

काकांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"एवढी सरळ रेघ माझ्या हातची नाही. या घरात ती एकाच माणसाची आहे."

"तुला बरं वाटावं म्हणून केलं गं."

"वाटलं ना बरं. काम करता करता मी एकटीच हसायची. तुम्ही बघत होतात ना तेव्हा?"

ते बघत होते. नुसते बघत नव्हते, तर तिच्या त्या हसण्याचं श्रेय मनातल्या मनात स्वतःकडे घेत होते. हे आत्ता, तिने विचारल्यावर, त्यांना पहिल्यांदा स्वच्छ दिसलं. आयुष्यभर त्यांनी तिच्या हातातल्या वस्तू काढून घेतल्या होत्या, पण तेव्हा निदान तोंडाने सांगून घेतल्या होत्या.

ती रडली नाही, भांडली नाही. त्या बायका आपल्याच हातात खोट आहे असं समजून घरी गेल्या, आणि तुम्ही सेलचं नाव पुढे केलंत, एवढंच म्हणाली. काकांनी बाईंना एकांतात सांगतो असं म्हणून बघितलं. तिने मान हलवली. जिथे झालं तिथे, आणि त्यांच्यासमोर सांगायचं. बायकांना मी घेऊन येते.

बायकांची घरं तिने स्वतः पालथी घातली. बहुतेक सगळ्या आल्या, नाइलाजाने. बाईही होत्या, शिंपी होता, नर्स होती. काकांनी घरून वाक्यं जुळवून आणली होती, पण ती तोंडाशी येईपर्यंत विरून गेली. दोष तुमच्या हातात नव्हता, तारेवरच्या वार्निशात होता, आणि ते मला माहीत होतं, असं ते म्हणाले. मग बायकोची मोटार. मग, एकदा सुरू झाल्यावर थांबता येईना, म्हणून बाकीचं सगळं.

झाडलोट करणारी पुढे झाली आणि आपल्या वेटोळ्याची टोकं खरवडायला बसली. पण बाकीचे उठून मागच्या फळीकडे गेले. तिथे सगळ्यांनी केलेल्या वस्तू मांडून ठेवलेल्या असत. जो तो आपली वस्तू हातात घेऊन, डोळ्यांजवळ नेऊन तपासायला लागला. शिंप्याने दिवा लावून पाहिला नाही, नुसता धरून उभा राहिला.

नर्स पक्षी घेऊन आली. "हा पंख मी मुद्दाम जाड ठेवला होता," ती म्हणाली. "मोडका होता तो. मला वाटलं, छापताना मलाच नीट जमलं नाही."

काकांना तोंड लपवायला जागा उरली नाही. मोजमापातली चूक त्यांना दुरून दिसायची, पण ही चूकच नव्हती हे त्यांना दिसलं नव्हतं. माफ करा, असं ते पुटपुटले. नर्सने माफ केलं की नाही ते कळलं नाही. बाईंनी टेबलावर हात पसरला आणि काकांनी किल्ली तिथे ठेवली. मागे कोणाचं तरी वेटोळं फिरायला लागलं होतं आणि बायका त्याच्याभोवती जमल्या होत्या. काकांकडे बघायला कोणाला वेळ नव्हता.

दोघं घरी परतले. जिना चढून दारापाशी आल्यावर ती थांबली. दाराला घंटा होती. काही वर्षांपूर्वी काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि पट्टी बांधून ते आतल्या खोलीत पडून होते, तेव्हा तिने बाजारातून बटण, भोंगा आणि वायर आणून ती एकटीने बसवली होती. आल्या-गेल्याला ती घंटा आधी वाजवायला लावायची, मग आत घ्यायची.

"आणि ही?" तिने विचारलं.

"हिला मी हात लावलेला नाही. खरंच सांगतो."

"पट्टी सुटल्यावर?"

"नाही गं. कधीच नाही."

काका खरं बोलत होते. आणि ते बोलताना त्यांना हेही ठाऊक होतं की, डोळे उघडे असते तर लावलाच असता. तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. आपला नवरा खरं बोलतोय की खोटं, हे ठरवायचा तिला कंटाळा आला होता, एवढंच त्यांना दिसलं. आजवरच्या संसारात तिने एकटीने केलेली एकच वस्तू होती, आणि तीही आता तिची राहिली नव्हती.

ती आत गेली. स्क्रूड्रायव्हर घेऊन आली आणि बटण सोडून बाकीची सगळी घंटा तिने उचकटून काढली, वायरी सोडवल्या, सेल काढले. मग त्यांना म्हणाली, "तुम्ही बाहेर थांबा." आणि दार लावून घेतलं.

काका जिन्यात उभे राहिले. आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. वायर सोलताना ती दात लावणार हे त्यांना माहीत होतं, आणि दात लावू नको म्हणायला तोंड उघडून त्यांनी मिटलं. वरच्या मजल्यावरची शेजारीण खाली येत होती. तिने विचारलं, काय काका, किल्ली विसरलात वाटतं? हो म्हणणं सोपं होतं. "नाही," काका म्हणाले, "बायकोने बाहेर ठेवलंय. तिच्या कामात लुडबुड केली मी." शेजारणीला हसावं की नाही ते कळेना. ती अंग चोरून खाली गेली, आणि काका मान खाली घालून तिथेच राहिले.

"दाबा," आतून आवाज आला.

त्यांनी बटण दाबलं. काहीच झालं नाही. आत खुडबुड झाली, बराच वेळ झाली. कुठली वायर कुठे गेली असेल ते त्यांच्या मनात भराभर येत होतं, आणि त्याचा आज कोणाला काही उपयोग नव्हता.

"परत दाबा."

त्यांनी दाबलं, आणि घंटा वाजली. जिनाभर घुमली. दाराला तोंड लावून ते म्हणाले, "वाजली गं. वाजली."

"तुम्ही नका सांगू," ती आतून म्हणाली. "मला ऐकू येतं."